ऐकवहीतले वगळलेले पान

गुंडोपंत वळसंगकर मास्तरांच्या षष्ट्यब्दीपूर्तीनिमित्त निघणाऱ्या या अंकासाठी मजकूर मागवताना गौरव समितीने एक छापील पत्रक पाठवले आहे. मास्तरांच्या कोणकोणत्या गुणांवर लिहावे याची यादीच त्यात दिली आहे: विद्वत्ता, शिस्त, साधी राहणी, विद्यार्थ्यांवरचे प्रेम आणि पदाविषयीची निरिच्छता. पहिल्या चार गुणांवर इतर मंडळी तुटून पडतील यात शंका नाही. पाचवा गुण मास्तरांच्या ठिकाणी नव्हता, हे मला पक्के ठाऊक आहे. म्हणून तो मी माझ्याकडे घेतला आहे.

मास्तरांची ओळख होण्याआधीच मी त्यांची टवाळी करून मोकळा झालो होतो. दहा-अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा नोकरीच्या शोधात होतो आणि गावातल्या एका साप्ताहिकात कोपऱ्यातला चावरा मजकूर लिहीत असे. त्यात एकदा लिहिले होते: "आमच्या शहरात असे एक मास्तर आहेत, की जे रोज सायंकाळी प्रयोगशाळेत तारेला तोंड लावून जे काही बोलतात ते पेठेतल्या लोकांना ऐकू येते अशी त्यांची समजूत असून, ही समजूत पेठेला मान्य आहे किंवा कसे, याची चौकशी त्यांनी अद्याप केलेली दिसत नाही." पुढच्याच जूनमध्ये त्या मास्तरांच्या हायस्कुलात मला मराठीच्या शिक्षकाची जागा मिळाली, तीही एका वर्षाच्या बोलीवर.

पहिल्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत बंद गळ्याचा कोट घातलेले एक गृहस्थ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. कोटावर तेजाबाने पडलेली बारीक बारीक भोके होती. हातात साप्ताहिकाचे कात्रण होते.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"वाक्य लांब झालंय की हो. एवढ्यात धोटा दहादा जाऊन येईल. माणसानं कुठं ऐकायचं आणि कुठं सोडायचं?"

ते रागावतील म्हणून मी एक उत्तर तयार ठेवले होते. ते तसेच राहिले. मागावरच्या धोट्याचा यात काय संबंध, हे मला कळले नाही.

"चौकशीचं मात्र बरोबर लिहिलंत," ते म्हणाले. "साडेपाचला प्रयोगशाळेत या. लिहिणारा माणूस पाहिजेच आहे आम्हाला."

प्रयोगशाळेत जे चालत असे त्याला विद्यार्थी 'रेडिओ केंद्र' म्हणत, आणि गावही तसेच म्हणू लागले होते. मुंबईला रेडिओचे केंद्र नुकतेच निघाले होते. सोलापुरात तेव्हा कॉलेज नव्हते. मॅट्रिक झालेली मुले पुण्याला जात. अशीच दोन-तीन मुले सुटीत परत येताना रेडिओवरची इंग्रजी मासिके घेऊन आली, आणि मास्तरांच्या मागे लागली, की आपणही एक केंद्र काढू. मास्तर शास्त्र शिकवत. त्यांनी रीतसर सरकारकडे अर्ज केला. हवेतून बोलायला परवाना लागतो आणि तो मिळणार नाही, असे उत्तर आले. मास्तरांनी उत्तर दोनदा वाचले आणि त्यात तारेतून बोलायला मनाई केलेली नाही, हे शोधून काढले. मनाई नव्हती, कारण असे काही कोणी करील हे सरकारच्या डोक्यातच आले नव्हते. मग प्रयोगशाळेत टेलिफोनचे जुने तोंड आणि दोन व्हॉल्व्हचे एक यंत्र बसले, तिथून तार निघाली आणि विणकरांच्या पेठेत जिथे ती संपली तिथे कर्णा लागला. ती संपली राजय्या मालकांच्या कारखान्याच्या ओसरीवर. हातमागाचा कारखाना, वीसेक माग. आमच्या केंद्राने आपले श्रोते असे तारेच्या लांबीवरून निवडले.

केंद्रावर रोज अर्धा तास वरच्या दोन वर्गांतले विद्यार्थी बोलत: वर्तमानपत्रातल्या बातम्या, थोडे आरोग्य, एखादी गोष्ट. मराठी, कानडी, तेलुगू आणि आठवड्यातून दोनदा उर्दू. पण मास्तरांचा एक नियम होता आणि तो मी दुसरीकडे कुठेच पाहिला नाही. ज्याला केंद्रावर बोलायचे असेल त्याने आधी एक महिना कर्ण्याखाली बसायचे. बोलायचे नाही. कर्ण्यातून आवाज कसा येतो ते ऐकायचे, लोक त्यावर काय बोलतात ते ऐकायचे आणि ऐकलेला प्रत्येक शब्द वहीत जसाच्या तसा लिहायचा. या वहीला 'ऐकवही' म्हणत. मास्तर ती दर शनिवारी तांबड्या पेन्सिलीने तपासत. मोठमोठ्याने वक्तृत्व करून बक्षिसे मिळवलेली मुले या महिन्यात हमखास गळत.

ऐकवहीने मास्तरांनाही सोडले नव्हते. प्रयोगशाळेत त्यांनी स्वतः केलेली एक फळी होती. तिच्यावर दोन तापमापक होते. एक कोरडा, दुसऱ्याच्या तळाशी ओले फडके. दोहोंतल्या फरकावरून हवेतला ओलावा कळतो. कोरड्या हवेत सूत तुटते, हे मास्तरांनी वाचले होते. म्हणून पहिल्या उन्हाळ्यात केंद्रावरून रोज मोठ्या उत्साहाने सांगितले जाई, की आज हवा फार कोरडी आहे, विणकर बंधूंनी काळजी घ्यावी. ओसरीवर धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरत बसणाऱ्या नरसम्मा यावर जे बोलल्या ते ऐकवहीत असे आले: "सकाळधरनं चारदा तुटलं सूत. तवाच कळलं की आमाला. ह्यास्नी आत्ता कळलं व्हय?"

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांनी एका विद्यार्थ्याला शाळेत येता येता नरसम्मांकडे धाडले. सूत किती वेळा तुटले ते तो विचारून येई. मास्तर तो आकडा फळीच्या आकड्याशेजारी लिहीत आणि उद्याची हवा कशी राहील याचा अंदाज बांधत. केंद्रावरून आता आजची नव्हे, उद्याची हवा सांगितली जाऊ लागली. अंदाज चुकला की नरसम्मा कर्ण्याकडे पाहून मास्तरांचा उद्धार करीत, आणि तोही वहीत येई. मास्तर त्याखाली बरोबरची खूण करीत.

धोट्याची भानगडही ऐकवहीतूनच निघाली होती. माग चालू असताना कर्ण्यातले अर्धे बोलणे खटखटीत बुडे. मास्तर एक दिवस घड्याळ घेऊन मागाजवळ बसले. धोटा जातो, फणी ठोकते, मध्ये क्षणभर शांतता असते. वीस माग काही एका ठेक्यात चालत नाहीत. पण ओसरीजवळचे तीन-चार माग ज्यांचे होते ते विणकर एकमेकांच्या ठेक्याला लागलेले असत. त्या क्षणाच्या मापात बसेल एवढेच बोलायचे, मग थांबायचे, असे मास्तरांनी मुलांना शिकवले. प्रयोगशाळेत टेबलावर लाकडी पट्टी आपटून सराव चाले. वाक्य मापाबाहेर गेले की मास्तर म्हणत, "साकु!" घरी ते कानडी बोलत आणि पुरे झाले हे सांगायला त्यांना मराठी पुरत नसे. माझ्या लिखाणावर पहिल्या आठवड्यात इतके 'साकु' पडले, की कानडीतला तेवढा एक शब्द मला कायमचा आला. आज कोणी माझ्या लेखणीतल्या आटोपशीरपणाची तारीफ करतात. ती त्यांनी राजय्या मालकांच्या मागांकडे पोहोचवावी.

मास्तर माणसांनाही असेच मापून घेत, पण त्यांचे माप वेगळे होते. मैंदर्गीचा शिवलिंग नावाचा विद्यार्थी आमच्याकडे होता. घरी कानडी, त्यामुळे त्याची मराठी कानडीच्या चालीने चाले. संस्कृतच्या शास्त्रीबुवांनी हरकत घेतली, की असले उच्चार शाळेच्या नावाने बाहेर जाणे बरे नव्हे. मास्तर म्हणाले, "शास्त्रीबुवा, त्याचं बोलणं ऐकवहीत पुरतं उतरतं. तुमच्या भाषणातला 'बंधुभगिनींनो' तेवढा उतरला होता." शिवलिंग राहिला. शास्त्रीबुवा पुन्हा केंद्राकडे फिरकले नाहीत. हे मास्तरांनी योजून केले होते की काय, ते मी विचारलेले नाही.

आता पाचव्या गुणाकडे येतो.

मास्तरांना हेडमास्तर व्हायचे होते. हे मी अदमासाने म्हणत नाही. जुने हेडमास्तर पुढच्या जूनमध्ये निवृत्त होणार होते, मास्तर सर्वांत ज्येष्ठ होते आणि जागा त्यांचीच असे सगळे धरून चालले होते. सर्वांत आधी ते स्वतः. हेडमास्तरांच्या खोलीला उत्तरेची खिडकी आहे. दोन तापमापकांच्या फळीला ऊन लागून चालत नाही. तिला उत्तरेची सावलीच हवी. एकदा हेडमास्तर बाहेर गेले असता मास्तर मला त्या खोलीत घेऊन गेले आणि खिडकीशेजारच्या भिंतीवर बोट ठेवून म्हणाले, "फळी इथं. आणि यंत्र त्या कोपऱ्यात. म्हणजे पोरांना खाली दाटीत बसायला नको." बोलताना त्यांनी खिशातून सुतळी काढून भिंत मापली. सुतळीला दोन गाठी मारल्या आणि ती परत खिशात ठेवली. निरिच्छ माणूस भिंती मापत फिरत नाही.

जानेवारीच्या सुमारास राजय्या मालकांची तक्रार आली. ते स्वतःच शाळेत आले. अंगावर शुभ्र धोतर, खांद्यावर उपरणे, आणि आवाज वीस मागांवरून हाका मारून कमावलेला.

"मास्तर, तुमचा कर्णा काढून न्या की. तुमचा पोरगा गोष्ट सांगाय लागला की माझी माणसं हात सोडून बसत्यात. मी शाळा काढली न्हाय, कारखाना काढलाय."

"किती वेळ बसतात, मालक?"

"ते मी मोजत बसू व्हय?"

"मी मोजतो," मास्तर म्हणाले. "आठ दिवस तुमच्या शेजारी येऊन बसतो. तुम्हीही ऐका. नवव्या दिवशी काढा म्हणालात, तर मी स्वतः शिडी लावीन."

मालकांनी तक्रार शाळेच्या व्यवस्थापक मंडळाकडेही दिली होती. मंडळाची बैठक नवव्या दिवशीच होती. अध्यक्ष एक वकीलसाहेब होते. त्यांना केंद्र म्हणजे पोरखेळ वाटे, आणि हेडमास्तर होऊ घातलेल्या माणसाने तो खेळावा याचा तर त्यांना फारच खेद होता. म्हणजे त्या आठ दिवसांत कर्णाही टांगलेला होता आणि मास्तरांची खुर्चीही. हे आम्हा सर्वांना माहीत होते. मलाही माहीत होते. पुढचे वाचताना वाचकांनी हे विसरू नये.

केंद्रावर जायचा प्रत्येक मजकूर चार वाजता मास्तरांपुढे वाचून दाखवावा लागे. त्या आठवड्यात मास्तर चारच्या गाडीसारखे वेळेवर पेठेत निघून जात. म्हणून तपासणीचे काम त्यांनी माझ्यावर सोपवले. सहाव्या दिवशी मी एक नकलेचा संवाद लिहिला. त्यात एक मालक कामगार शोधायला बाजारात जातात. त्यांना हात चार आणि कान शून्य असा कामगार हवा असतो. तसा न मिळाल्यामुळे ते आहेत त्याच कामगारांच्या कानांत कापूस घालतात, आणि मग "काम थांबवा" हे सांगायला त्यांना रोज संध्याकाळी वीस जणांच्या पाया पडावे लागते. हा मजकूर माझा मीच तपासला, आणि तो मला पसंत पडला. प्रत्येक वाक्य धोट्याच्या मापात होते. शिवलिंगने कर्ण्याखालच्या महिन्यात मालकांचा आवाज पुरता घोटला होता. त्याने तो हुबेहूब काढला.

पेठेत काय झाले ते ऐकवहीत आहे. त्या दिवशी वही लिहिणाऱ्याने फक्त एक ओळ लिहिली: "सगळे माग बंद. लई हसत्यात." मास्तर मालकांच्या शेजारी, त्याच बाकावर बसले होते. मालक उठले, पायांत जोडे घातले आणि आपल्याच कारखान्यातून बाहेर निघून गेले.

मास्तर शाळेत परतले तेव्हा मी प्रयोगशाळेत होतो. स्तुतीची अपेक्षा करीत होतो, असे लिहिणे भाग आहे. त्यांनी कोट काढला, खुंटीला लावला.

"वाक्यं चांगली होती," ते म्हणाले. "एकही वाया गेलं नाही."

मग ते खाली बसले आणि तारेची टोके साफ करू लागले. मला कोणी 'साकु' म्हटले असते तर बरे वाटले असते.

उरलेले दोन दिवसही मास्तर पेठेत जाऊन एकटे बाकावर बसले. नवव्या दिवशी बैठक झाली. बैठकीतून ते आले आणि मला म्हणाले, "कर्णा राहिला. उद्यापासून महिनाभर तुम्ही त्याच्याखाली बसा. शिक्षकाला नियम नाही असं मी धरून चाललो, ती चूक माझी." शिवलिंगला कोणी काही बोलले नाही. मलाही नाही. जूनमध्ये पुण्याहून नवे हेडमास्तर आले. मास्तरांनीच जागा नाकारली, त्यांना पदाचा मोह नाही, असे शाळेत बोलले जाऊ लागले. ऐकायला ते बरे वाटत होते, आणि मला तर फारच सोयीचे होते. मीही दोन-चार ठिकाणी तसेच सांगितले. समितीच्या पत्रकातला पाचवा गुण बहुधा तिथूनच आला असावा.

परंतु कर्ण्याखालच्या त्या महिन्यात मी ऐकवही घेऊन ओसरीवर बसलो होतो. विसाव्या की एकविसाव्या दिवशी राजय्या मालक शेजारी येऊन टेकले. मी शाळेतला कोणी मास्तर आहे, एवढेच त्यांना माहीत होते.

"तुमचे ते वळसंगकर मास्तर," ते म्हणाले, "लई हट्टी मानूस."

"का बरं?"

"मीटिंगीत मी सांगितलं, कर्णा ऱ्हाऊ द्या. आठ दिवस बसला हो तो मानूस माझ्या बाकावर. मी उठून गेलो तरी बसला. त्यांनी मोजलं, मानसं हात सोडत्यात ते पान खायाच्या येळेपरीस जास्त न्हाय. मग माझी तक्रार कुटं ऱ्हायली? मला फकस्त त्यो लिवणारा पाहिजे व्हता. म्हटलं, त्याला माझ्याम्होरं हुबा करा. मास्तर म्हनले, केंद्र माजं, तपासणी माजी, लिवणारा मीच समजा. वकीलसायेब तापले. म्हनले, तुमी लिवलं न्हाय हे आमाला ठावं हाय. नाव सांगा, न्हायतर मोठ्या खुर्चीचा इचार आमाला येगळा करावा लागंल. मास्तर म्हनले, करा."

"एवढंच?"

"करा, म्हनले. आन् खिशात हात घालून, काय की, सुतळीचा तुकडा हुता, त्यो काढून टेबलावर ठिवला. आमाला काय कळंना." मालक माझ्याकडे वळले. "कोन हुता हो त्यो लिवणारा? तुमाला म्हाईत आसंल की."

मी नाही म्हणालो.

ऐकवहीत ऐकलेले लिहायचे असते, बोललेले नाही. या नियमाचा मी त्या दिवशी पुरेपूर फायदा घेतला. मालकांचे बोलणे शब्दन्‌शब्द लिहिले, माझे उत्तर लिहिले नाही. शनिवारी वही मास्तरांकडे गेली. ती परत आली तेव्हा त्या पानावर उभी तांबडी रेघ होती आणि कडेला लिहिले होते: "केंद्राच्या कामाचे नाही. वगळावे." त्याखाली दुसरी ओळ होती: "अक्षर सुधारले आहे." या विषयावर आम्हा दोघांत एवढेच बोलणे झाले. वर्षाच्या शेवटी माझी नोकरी कायम झाली.

दोन तापमापकांची ती फळी आजही खालच्या प्रयोगशाळेत आहे. तिथे दुपारनंतर ऊन येते. मास्तर रोज दोन वाजता फळी काढून जिन्याखालच्या सावलीत नेतात आणि साडेचारला परत आणतात. नव्या विद्यार्थ्यांना वाटते, की तो प्रयोगाचाच भाग आहे. केंद्र चालू आहे. आता कर्णे तीन आहेत. पुण्याला गेलेल्या आमच्या काही विद्यार्थ्यांनी तिकडे कॉलेजात अशीच तार ओढली. शिवलिंग दुधनीला शिक्षक आहे आणि त्याने तिथे ऐकवही सुरू केली आहे, अजून कर्णा नसतानाच. मास्तरांना हे कळले तेव्हा ते म्हणाले, "बरोबर क्रम लागला बघा." यापेक्षा मोठा आनंद त्यांनी कशावर व्यक्त केल्याचे माझ्या कानांवर नाही.

समितीने ठरवले आहे, की समारंभाच्या दिवशी साडेपाच वाजता या अंकातले काही लेख केंद्रावरून वाचून दाखवायचे. माझा लेख त्यात असावा, अशी मी विनंती केली आहे. राजय्या मालक आता थकले आहेत. ते समारंभाला येणार नाहीत. ओसरीवरच्या त्याच बाकावर बसून ऐकणार आहेत, असा त्यांचा निरोप आहे. सोबत असाही निरोप आहे, की त्या दिवशी हसू त्यांनाही आले होते, म्हणूनच ते उठून गेले.

म्हणून यापुढचा मजकूर मापात लिहितो.

मालक, लिहिणारा मी होतो. तुम्ही विचारलेत. मी नाही म्हणालो. दहा वर्षे झाली. उद्या तुमच्यासमोर येऊन उभा राहतो.

मास्तर, हे पान तुम्ही वगळले होते. मी ते परत घातले आहे. तुम्ही हा अंक तांबडी पेन्सिल घेऊन वाचाल. रेघ मारा. वर्षानुवर्षे मारत राहा. हात असाच ठाम राहो. कान असेच तिखट राहोत. शंभर वर्षे जगा, ही इच्छा लांब वाटली तर कापू नका. तेवढी एक मापाबाहेर जाऊ द्या.